दोनशे माणसांचे पन्हे

चैत्र संपत आला की गावोगाव लग्ने निघतात. ऊन तर मी म्हणत असते. पाहुणे दुरून येतात. कोणी एसटीने, कोणी टेंपोत बसून, कोणी दुचाकीवर. मांडवात शिरताच त्यांना पहिल्यांदा काय हवे असते? थंडगार काहीतरी प्यायला. जेवण मागाहून.

आपल्याकडे यासाठी पन्हे करतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरोघर होते, तेच. पाच-सहा माणसांचे पन्हे घरची बाई डोळे मिटून करील. पण दोनशे माणसांचे म्हटले की भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. कधी ते पाणचट होते, कधी आंबटढाण. आणि कधी त्याहून वाईट होते. संध्याकाळपर्यंत निम्मे वऱ्हाड जुलाबाने आडवे होते. लग्नघरच्या अशा बातम्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतात. आता तुम्हांला वाचता येते, तुम्हीही त्या वाचल्या असतील. अशा वेळी पन्ह्याच्या बाबतीत दोष कैरीचा नसतो, गुळाचाही नसतो. बहुधा तो पाण्याचा असतो, बर्फाचा असतो, नाहीतर भांड्याचा. म्हणून या धड्यात कृती थोडी आणि पाण्याची गोष्ट जास्त सांगणार आहे.

आधी हिशेब करू. तुम्ही त्रैराशिक शिकला असाल तर येथे ते कामाला येईल. एका माणसाला एक पेला पन्हे लागते. पेला २०० मिलिलिटरचा धरा. म्हणजे पाच पेल्यांना एक लिटर. दोनशे पेल्यांना किती? चाळीस लिटर. पण उन्हात कोणी एका पेल्यावर थांबत नाही, आणि पोरे तर तीन-तीनदा येतात. म्हणून पन्नास लिटर करावे.

पन्नास लिटर पन्ह्याला दहा किलो कैरी लागते. साल आणि कोय गेल्यावर साधारण निम्मा गर उरतो. म्हणजे पाच-साडेपाच किलो. गूळ गराच्या दीडपट घ्यावा, म्हणजे साडेसात ते आठ किलो. पाणी चाळीस लिटर. मीठ दीडशे ग्रॅम. वेलदोडे पंचवीस-तीस ग्रॅम, सोलून कुटून. केशर असेल तर चिमूटभर, नसेल तर अडत नाही.

बादली आणि घागर यांवर माप ठेवू नका. एकाची बादली बारा लिटरची, दुसऱ्याची अठराची. दुधाचे लिटरचे माप आणा. त्याने मोठे पातेले एकदा पाण्याने भरून पाहा, आणि पन्नास लिटर कोठवर येतात तेथे बाहेरून खडूने खूण करा. पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढचा सगळा घोळ त्याने वाचतो.

आता कैरी. कडक आणि आंबट रायवळ कैरी चांगली. देठ मोडून कैऱ्या थोडा वेळ उलट्या ठेवा, म्हणजे चीक निथळून जाईल. चीक पन्ह्यात उतरला तर घसा खवखवतो. मग कैऱ्या दोन पाण्यांनी धुवा आणि सालीसकट मऊ होईपर्यंत उकडा. काही ठिकाणी निखाऱ्यावर भाजतात. त्या पन्ह्याला धुरकट, खमंग चव येते. मला स्वतःला भाजलेल्या कैरीचे जास्त आवडते. पण दहा किलो कैऱ्या भाजत बसायला लग्नघरी कोणाला वेळ आहे! उकडाव्या हेच बरे. हे काम आदल्या रात्री उरकून घ्यावे. सकाळी साल काढून, कोय पिळून गर काढावा आणि चाळणीवर घासावा. नाहीतर रेषा पेल्यात येतात.

गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गरम करावा आणि फडक्यातून गाळून घ्यावा. गुळात वाळू आणि चिपाडाचे तूस असते. ते दिसत नाही, पण पेल्याच्या तळाशी बसते.

आता पाणी. येथे जरा थांबून एक खरी गोष्ट ऐका.

१८५४ सालची गोष्ट. विलायतेत लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट म्हणून एक रस्ता होता. तेथे लोकांसाठी एक पंप होता. त्याचे पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड. लांबलांबची माणसे तेथून पाणी नेत. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस त्या भागात पटकीची साथ आली. पटकी म्हणजे कॉलरा. थोड्याच दिवसांत शेकडो माणसे गेली. साथ संपेपर्यंत सहाशेच्या वर बळी पडले.

त्या वेळचे डॉक्टर म्हणत, घाणेरड्या हवेने पटकी होते. पण जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टराला ते पटले नाही. तो घरोघर फिरला. कोण मेले, ते पाणी कोठले पीत, हे विचारत गेला. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले: ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे. एक म्हातारी त्या भागापासून दूर राहत होती. तिच्या आसपास साथ नव्हती, तरी ती पटकीने मेली. चौकशी केली तेव्हा कळले की तिला त्या पंपाचे पाणी आवडे, आणि ती ते मुद्दाम मागवून पीत असे.

स्नोने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि ती आपल्या कामाची आहे. त्या भागातली लहान दुकाने त्याच पंपाच्या पाण्यात चमचाभर फसफसणारी पूड घालून ते विकत. आणि त्याला नाव काय देत? 'शर्बत'! तेच आपले सरबत. पूड घातली, पाणी गोड झाले, फेस आला, पण आतले विष तसेच राहिले.

स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकला. पुढे शोध लागला की विहिरीला लागूनच एका घराचा शौचखड्डा होता. त्या घरातले तान्हे मूल जुलाबाने आजारी होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी त्या खड्ड्यात पडे आणि तेथून विहिरीत पाझरे. पाणी दिसायला मात्र नितळच राहिले.

हे सांगायचे कारण असे की आपल्याकडे अजून पुष्कळजण पाणी डोळ्यांनी तपासतात. "नितळ आहे की!" म्हणतात. किंवा म्हणतात, "पन्हे आंबट असते, आंबटात जंतू मरतात." त्या भरवशावर राहू नका. काही जंतू आंबटातही तग धरतात.

लग्नाला टँकर मागवला असेल, तर पाणी कोठून भरले ते विचारा. सांगता आले नाही, तर ते पाणी भांडी घासायला ठेवा. पन्ह्याचे पाणी उकळूनच घ्या. चांगली खळखळून उकळी फुटली पाहिजे. नुसते कोमट करून चालत नाही. आदल्या रात्री आचाऱ्याच्या पातेल्यात उकळावे आणि झाकून ठेवावे. सकाळपर्यंत निवते. चाळीस लिटर पाणी उकळायला सरपण लागते, गॅस लागतो, हे खरे. पण लग्नात आपण फटाक्यांवर किती घालवतो?

उकळणे अगदीच जमणार नसेल, तर औषध टाकून पाणी शुद्ध करावे. गावच्या विहिरीत वा टाकीत टीसीएल पावडर टाकतात. चांगली, ताजी पावडर असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पुरते. घरी क्लोरीनच्या गोळ्या वापरता येतात. किती पाण्याला किती गोळ्या, ते पाकिटावर छापलेले असते. ते वाचा आणि तितक्याच टाका. टाकल्यावर निदान अर्धा तास थांबा. औषधाला आपले काम करायला वेळ लागतो.

पाणी शुद्ध झाले, आणि त्यात बर्फाची लादी टाकली. झाले! सगळे मुसळ केरात. बर्फ म्हणजे पाणीच ना? ज्या पाण्याचा तो केला, त्याचे जंतू त्यात आहेत. थंडीने ते सगळे मरत नाहीत. मासे, दूध वगैरे नुसते गार ठेवण्यासाठी जो बर्फ करतात, तो खाण्याचा नव्हे. २०१८ साली महाराष्ट्रात नियम झाला की अशा बर्फात निळा रंग घालावा, म्हणजे तो ओळखू येईल. निळसर लादी दिसली तर ती पन्ह्यात घालायची नाही, हे पक्के. पण पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच, असेही धरू नका. शिवाय ती लादी रस्त्यावरून घसटत आणतात, तिच्यावर गोणपाट असते, आणि ती फोडतात ते पायाखाली धरून.

मग पन्हे गार कसे करावे? बर्फ आत घालू नये, बाहेर ठेवावा. दुधाच्या कॅनमध्ये पन्हे भरा. झाकण घट्ट लावा. कॅन मोठ्या घंगाळात ठेवून भोवती बर्फाचे तुकडे आणि मूठ-दोन मुठी खडे मीठ टाका. तासाभरात छान गार होते. भोवती भाताचे तूस नाहीतर लाकडाचा भुसा भरलात तर बर्फ लवकर विरघळत नाही. ही युक्ती जुनी आहे. १८३३ साली अमेरिकेतून जहाजाने कलकत्त्याला बर्फ आला होता. चार महिन्यांचा प्रवास, तरी पुष्कळ बर्फ शाबूत पोहोचला. तोही भुशातच भरलेला होता. बर्फ मिळतच नसेल, तर मातीचे रांजण आहेतच. त्यांना ओले फडके गुंडाळून वाऱ्याला ठेवा.

भांड्यांचे सांगतो. पन्हे आंबट आहे. तांब्याच्या वा पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ते कळकते. चव हिरवट लागते, मळमळते, ओकाऱ्या होतात. जस्ताच्या मुलाम्याची पत्र्याची बादली असते, तीही नको. आंबटाने जस्त सुटते आणि पोट बिघडते. स्टीलचे भांडे, चिनी मातीची बरणी, मातीचा रांजण किंवा ताजी कल्हई केलेले पातेले, एवढेच घ्या.

आणि निळी प्लास्टिकची पिंपे! ती बाजारात स्वस्त मिळतात. आधी त्यांत काय होते, कोणाला ठाऊक? रसायन असेल, फवारणीचे औषध असेल. दहा वेळा धुतले तरी भरवसा नाही. अशा पिंपात माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू ठेवूच नये. येथे मी कोणाचे ऐकून घेणार नाही.

आता कालवायला घेऊ. गर, गुळाचे पाणी, मीठ आणि वेलदोड्याची पूड आधी एकत्र घोटा. मग थोडे थोडे पाणी घालत खडूच्या खुणेपर्यंत या. पण एकदम नको. सगळ्या कैऱ्या सारख्या आंबट नसतात. आधी एका पेल्यात करून पाहा. हातात ओतून चाटू नका, चमचा वापरा. एक गोष्ट लक्षात ठेवा: पदार्थ गार झाला की गोडी कमी लागते. म्हणून चव पाहायची ती पेला गार करून. कोमट असताना बेताचे गोड लागले, तर गार झाल्यावर ते आंबट लागेल. मधुमेहाच्या माणसांसाठी गूळ न घातलेले, मीठ-जिऱ्याचे थोडे वेगळे काढून ठेवा. हल्ली प्रत्येक वऱ्हाडात अशी पाच-दहा मंडळी असतातच.

कोकणात कैरीऐवजी कोकमाचे सरबत करतात. कोणी त्यात लिंबू, कोणी संत्रे पिळतात. इंग्रज लोक अशा मिश्र सरबताला 'पंच' म्हणतात. हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला असे बरेच कोशकार मानतात. सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर आपल्या किनाऱ्याने फिरला. पाच वस्तूंचे पेय म्हणून ते नाव पडले, असे त्यानेही लिहिले आहे. पाण्यात साखर, लिंबू आणि मसाला घालीत, आणि पाचवी वस्तू होती दारू. आपण चारांवरच थांबू.

मिठाविषयी बायामाणसे विचारतात, गोड पन्ह्यात मीठ कशाला? घामाबरोबर अंगातले मीठही जाते. ते भरून यावे म्हणून. साखर आणि मीठ मिळून आतड्यातून पाणी अंगात ओढून घ्यायला मदत करतात. याच गुणावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बंगालमध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या हजारो रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवले. पण पन्हे हे जुलाबावरचे औषध नव्हे, बरं का. त्यात गोड फार असते, आणि त्याने जुलाब वाढतात. जुलाब झाले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे, आणि दवाखाना गाठावा.

वाटायला एकच माणूस नेमा. साबणाने हात धुतलेला, आणि त्या दिवशी पोट बिघडलेले नसलेला. त्याने ओगराळ्याने ओतावे. कोणीही येऊन पेला आत बुडवायचा नाही, मग तो नवरदेवाचा मामा का असेना. तोटीचे पिंप मिळाले तर भांडणच नको. उष्टे पेले एकाच बादलीत बुचकळून पुन्हा भरू नका. पहिल्या दहा पेल्यांनंतर ती बादली म्हणजे दहा तोंडांचे धुवण असते. पेले घासून, वाहत्या पाण्याने धुऊन घ्या. कॅनवर झाकण आणि त्यावर स्वच्छ फडके हवे. माशा गोडावर टपलेल्या असतात.

पाणी घातलेले पन्हे त्याच दिवशी संपवावे. संध्याकाळी उरले तर ओतून द्यावे, दुसऱ्या दिवशी पोरांना पाजू नये. गर मात्र पाण्याशिवाय उरला असेल, तर तो वाया घालवू नका. तितकाच गूळ घालून मंद आचेवर आटवा आणि कोरड्या बरणीत भरा. वरातीहून परतल्यावर घरच्या माणसांना चमचाभर त्यातला आणि पेलाभर पाणी, एवढे पुरते.