चोंदलेलं नाक आणि मिठाचं पाणी

बीडजवळच्या पालीत, बिंदुसरा धरणाच्या आसपासच्या शिवारात रब्बीची ज्वारी मळायला आली की धुळीने नाकं चोंदतात. आपण जोर लावून शिंकरतो, तरी बाहेर काही येत नाही. कारण अडथळा बऱ्याचदा शेंबडाचा नसतोच. रक्तवाहिन्या फुगून नाकाचं आतलं अस्तर सुजलेलं असतं. झायलोमेटाझोलीनसारखे थेंब त्याच रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. मग तेच का वापरू नयेत? तीन-चार दिवस वापरावेत. त्यापुढे औषधाचा असर उतरताच सूज परत येऊ लागते आणि थेंबांवाचून चालेनासं होतं. फेनिलेफ्रिनच्या गोळ्या तर नाक मोकळं करत नाहीत, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये काढला.

बाम लावल्याने बरं वाटतं, हे खरं आहे. मेन्थॉल गारव्याची जाणीव देणारे मज्जातंतू चेतवतं. हवेची वाट मात्र तेवढीच राहते. वाफेसाठी मुलांना उकळत्या पातेल्याजवळ बसवणं तर धोक्याचंच, भाजण्याची भीती मोठी. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची जलनेती स्वस्त आणि मुळाशी जाणारी: पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, की धूळ आणि परागकण धुऊन निघतात. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. न उकळलेल्या पाण्यात नेग्लेरिया अमीबा असला, तर तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बहुधा जीव जातो. एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा रक्त येत असेल, तर डॉक्टरांनाच दाखवावं.