छावणी परत आली तेव्हा

बंगळूरच्या कब्बन पार्कातील ‘अठारा कचेरी’ची तांबडी इमारत मागे टाकून पूर्वेकडे चालू लागावे, तो झाडांच्या सावलीतून बाहेर पडता पडता व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा लागतो आणि त्याच्यापुढे महात्मा गांधी रस्त्याची वर्दळ सुरू होते. आज ही जेमतेम पाव तासाची रपेट आहे. परंतु 1947 च्या जुलैपर्यंत एवढ्याशा वाटेत माणूस एका अंमलाखालून दुसऱ्या अंमलाखाली जात असे. बागेच्या पश्चिमेस जुनी पेठ, आणि तिच्यावर म्हैसूरच्या महाराजांची हुकमत; पूर्वेस छावणी, जिचे दप्तरी नाव ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’, आणि तिचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटच्या हाती. कायदे वेगळे, न्यायालये वेगळी, नगरपालिकाही 1862 पासून दोन.

श्रीरंगपट्टणच्या हिवतापाने जेरीस आलेल्या पलटणी 1809 मध्ये इथल्या थंड माळावर आणल्या गेल्या, तेथून या छावणीचा इतिहास सुरू होतो. 1881 साली वाडियार घराण्याला राज्य परत मिळाले, तेव्हाही एवढा मुलूख इंग्रजांनी आपल्याकडे राखून ठेवला आणि पुढे त्यावर फ्रेझर टाउन, रिचर्ड्स टाउन, कुक टाउन अशी टुमदार उपनगरे वसवली. मात्र ही छावणी केवळ गोऱ्यांची होती, असा जो समज रूढ आहे तो खरा नव्हे. पलटणींच्या मागून मद्रास इलाख्यातील तमिळ कारागीर आणि मजूर आले, उर्दू बोलणारे व्यापारी आले, आणि साहेबांचे कपडे शिवणारे, दिवे लावणारे, पाव भाजणारे हेच लोक होते. त्यांच्या ब्लॅकपल्ली या वस्तीला आज शिवाजीनगर म्हणतात. ज्या बंगळुरात शहाजीराजांनी जहागिरीचा कारभार पाहिला, तेथे हे नाव वाचताना मराठी माणसाची पावले थबकल्याखेरीज राहत नाहीत.

1896 च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार पलटणीचा एक तरुण अधिकारी या छावणीत राहावयास आला. बंगला मोठा, नोकरचाकर पुष्कळ, सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो; आणि दुपारच्या रिकाम्या वेळी त्याने गिबन आणि मेकॉले यांचे ग्रंथ वाचून काढले, बागेत गुलाब जोपासले, फुलपाखरे जमवली. येथील क्लबाच्या 1899 च्या नोंदवहीत, थकबाकीदारांच्या यादीत, त्याच्या नावावर 13 रुपये बाकी दिसतात. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. त्याच्या मनातील हिंदुस्थान अखेरपर्यंत बव्हंशी याच छावणीतला राहिला, असे माझे मत आहे. आणि म्हणून त्याच्या देशबांधवांनी 1945 मध्ये काय केले, हे बंगळुरात उभे राहून पाहिले असता अधिक स्पष्ट दिसते.

5 जुलै 1945 रोजी ब्रिटनमध्ये मतदान झाले. परदेशी असलेल्या सैनिकांची मते येऊन पोहोचावीत यासाठी मोजणी तीन आठवडे थांबवण्यात आली आणि 26 जुलैला निकाल लागला तेव्हा महायुद्ध जिंकून देणारा चर्चिल पराभूत होऊन मजूर पक्षास 393 जागा मिळाल्या होत्या. सहा वर्षे लढलेल्या सामान्य माणसाला आता साम्राज्याच्या वैभवापेक्षा घर, रोजगार आणि आजारपणात औषध यांची शाश्वती हवी होती. ती शाश्वती देण्याची योजना 1942 च्या अहवालात ज्यांनी मांडली ते विल्यम बेव्हरिज बंगालमधील रंगपूरला जन्मलेले. आणि नवे पंतप्रधान क्लेमेंट अॅटली हे सायमन कमिशनचे सभासद म्हणून 1928 साली मुंबई बंदरात उतरले होते, त्यांनी आपल्याकडचे काळे झेंडे स्वतः पाहिले होते. त्यांच्या कारकीर्दीत कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि 5 जुलै 1948 पासून दवाखान्याचे दार गरिबासाठी विनामूल्य उघडले. त्याच सुमारास, 1946 मध्ये, नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपल्या देशासाठीही असेच सांगितले होते की, पैसा नाही म्हणून कोणी औषधोपचारावाचून राहू नये. तिकडे कायदा झाला. इकडे तो अहवाल पुष्कळ अंशी कागदावरच राहिला, याची खंत वाटते.

इतके मोठे बदल करू पाहणाऱ्या ब्रिटनची तिजोरी मात्र रिकामी होती. युद्धकाळातही ज्या पावावर नियंत्रण नव्हते, तो 1946 मध्ये शिधापत्रिकेवर मिळू लागला. अमेरिकेकडून 375 कोटी डॉलरांचे कर्ज घ्यावे लागले, आणि हिंदुस्थानचेच सुमारे 130 कोटी पौंड देणे झाले होते. घरी पाव तोलून देणाऱ्या सरकारने सातासमुद्रापलीकडच्या छावण्या कोठवर पोसाव्यात? हिंदुस्थान सोडण्याच्या निर्णयास केवळ औदार्य म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि केवळ नाइलाज म्हणणे अन्यायाचे; आपल्या लोकांनी दिलेला लढा, तिकडील नव्या राज्यकर्त्यांचा विश्वास आणि त्यांची ओढगस्त, या तिन्ही गोष्टी त्यात एकवटल्या होत्या.

निवडणुकीचा निकाल लागल्याला बरोबर दोन वर्षे झाली, त्या 26 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या वीस दिवस आधी, छावणीचा मुलूख म्हैसूर संस्थानास परत देण्यात आला. परंतु संस्थानातील प्रजेला अजून जबाबदार राज्यपद्धती मिळालेली नव्हती. तिच्यासाठी ‘म्हैसूर चलो’ची चळवळ झाली, शेकडो लोक तुरुंगात गेले, आणि ऑक्टोबरात के. सी. रेड्डी यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. पुढच्या वर्षी छावणीतल्या साउथ परेड या रस्त्याला गांधीजींचे नाव मिळाले.

छावणीतल्या ज्या कुटुंबांना या घडामोडीत आपले घर कोणते, हा प्रश्न पडला, त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेले नाही. व्हाइटफील्ड ही अँग्लो-इंडियनांनी 1882 मध्ये वसवलेली वस्ती. तेथील आणि फ्रेझर टाउनमधील कित्येकांनी आजा-पणजाच्या जन्माचे, नोकरीचे जुने दाखले शोधून काढले आणि बोटीचे तिकीट घेतले. 1948 च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांना त्या देशाचे दार उघडे ठेवले होते. ज्याला ते ‘होम’ म्हणत आले आणि जे बहुतेकांनी कधी पाहिलेही नव्हते, त्या देशात उतरल्यावर त्यांच्या हाती पडली ती शिधापत्रिका. तेथील रेशनिंग 1954 च्या जुलैपर्यंत चालू होते. छावणीतले आचारी, शिंपी, सईस यांना मात्र असले तिकीट नव्हते. ते येथेच राहिले, आणि धनी गेल्यावर दुसरा रोजगार शोधू लागले.

राहता राहिला प्रश्न नगरपालिकांचा. दोन कर, दोन दप्तरे आणि दोन प्रकारच्या सवयी एकत्र करण्यास जवळजवळ अडीच वर्षे लागली. 8 डिसेंबर 1949 रोजी त्या दोन्ही मिळून बंगळूरची महापालिका अस्तित्वात आली, आणि आर. सुब्बण्णा हे पेठ आणि छावणी या दोहोंचे पहिले महापौर झाले.