कीबोर्ड घ्यायचाय? आधी दहा बोटं टेकवून बघा!

चौलला मामेबहिणीची हळद. दादा गातोय, मी कीबोर्डवर. (आमच्या गावात कुठलाही कीबोर्ड म्हणजे ‘कॅसिओ’च!) पियानोखाली स्ट्रिंग्ज लावल्या, पेडल दाबलं आणि ऐन रंगात आलेल्या गाण्यात खालचे सूर एकेक करून गायब! मांडवात कुणाला कळलं नसेल. दादाला कळलं. त्याने वळून नुसतं बघितलं.

सोमवारी मांडव्याहून बोटीने ऑफिस गाठताना ठरवलं, बोनस आला की अपग्रेड!

धोबी तलावच्या दुकानात पहिलं वाक्य ऐकलं, ‘सर, हजार टोन आहेत!’ पण मी वाजवतो कितीसे? दहा. घोडं अडलं होतं पॉलिफनीवर, म्हणजे एका वेळी किती आवाज निघतात त्यावर. माझ्या जुन्याची ३२. पियानो आणि स्ट्रिंग्ज, दोन्ही स्टिरिओ, की एका सुरामागे चार आवाज खर्च. आठ सुरांत खेळ खल्लास! आता १२८ च्या खाली बघायचंच नाही.

दुसरा घोळ पट्ट्यांचा. डाव्या हाताला बेस, उजव्याला गाणं, की ६१ पट्ट्या अपुऱ्या पडतात. ८८ वजनदार पट्ट्यांवर बोटं तयार होतात खरी, पण बारा-पंधरा किलोंचं धूड बोटीत कोण चढवणार? मी मधला मार्ग काढला. ७६ पट्ट्या, सेमी-वेटेड, सात-आठ किलो. मिडी आहेच, त्यामुळे उद्या घरी ८८ पट्ट्यांचा आणला तरी हाच त्याला जोडता येईल.

जाताना हे लक्षात ठेवा

* हेडफोन घेऊन जा. एकच सूर हळू, मग जोरात वाजवा. फरक बोटाला जाणवला पाहिजे.
* मागे डावं-उजवं लाइन आउट आणि दोन पेडलची सोय हवी.
* किनाऱ्यावर खारी हवा संपर्क गंजवते. वाजवून झालं की पुसा, झाका, बॅगेत सिलिका जेल टाका.

दिवाळीत पुन्हा चौल. दादा म्हणाला, ‘काळी दोन.’ ट्रान्स्पोजच्या बटणाकडे गेलेलं बोट मी मागे घेतलं आणि खरंच काळी दोनमध्ये वाजवलं. दोनदा चुकलो. पण सूर एकही गायब झाला नाही!