नैनितालच्या पायवाटा व त्यांखालचा खडक

नैनितालचे वर्णन करताना प्रवासी बहुधा तळ्यापासून आरंभ करतात आणि हिमशिखरांच्या दर्शनापाशी थांबतात. ह्या दोहोंमधील जी जमीन, जिच्यावरून ते प्रत्यक्ष चाललेले असतात, तिची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः कुमाऊँतील ह्या शहराच्या पायवाटा म्हणजे तेथील भूरचनेचा एक उघडा छेदच होय. तळ्याला वळसा घालून भोवतालच्या दोन टेकड्या चढणाऱ्या अभ्यासकाच्या एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. ज्या स्थळांवरून देखावा सर्वांत रमणीय दिसतो, त्यांपैकी बरीचशी स्थळे अस्थिर आहेत. आणि हा निव्वळ योगायोग नव्हे.

नैनितालचे तळे समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवर आहे. त्याची लांबी सुमारे १.४ किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरहून कमी आणि कमाल खोली सुमारे २७ मीटर. वायव्येकडील टोकास मल्लीताल, म्हणजे वरचे तळे, आणि आग्नेयेकडील टोकास तल्लीताल, म्हणजे खालचे तळे, अशी नावे आहेत. हे तळे हिमनदीने कोरले असावे, असा एक तर्क एकोणिसाव्या शतकात मांडला गेला व त्यावर बराच वाद झाला. आज मात्र तळ्याच्या लांबीच्या दिशेने जाणारा विभंग, म्हणजे ज्या भेगेवर दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या संदर्भात सरकले आहेत ती भेग, हेच त्याच्या उत्पत्तीचे मूळ कारण सर्वसाधारणपणे मानले जाते. एकाच तळ्याचे दोन काठ इतके भिन्न का, ह्याचा उलगडाही त्यामुळे होतो.

ईशान्य काठाने मॉल रोड जातो आणि नैर्ऋत्य काठाने ठंडी सडक. मॉल रोडच्या माथ्यावर शेर-का-डांडा ही टेकडी आहे. तिचा उतार मुख्यतः पाटीच्या दगडाचा, म्हणजे पातळ पापुद्र्यांनी फुटणाऱ्या स्लेटचा आहे. ठंडी सडकेवर आयारपाटा टेकडीची सावली पडते. हा उतार ईशान्याभिमुख असल्याने दुपारनंतर तेथे ऊन टिकत नाही, आणि सडकेचे नाव ह्या सावलीला साजेसेच आहे. ह्या बाजूस डोलोमाइट व चुनखडक ह्यांचे प्राबल्य आढळते. त्यांच्या भेगांतून पावसाचे पाणी आत उतरते, म्हणून पृष्ठभागावर वाहते ओहोळ तुलनेने थोडे. खडकातील हा फरक वनस्पतींवरूनही ओळखता येतो. हिमालयीन सायप्रस, ज्याला स्थानिक लोक सुरई म्हणतात, हा चुनखडकाची आवड असलेला वृक्ष आहे. त्यामुळे सुरईचे दाट झाड दिसले की पायाखाली कोणता खडक असावा, ह्याचा अंदाज हातोडी न उचलताही बांधता येतो.

शेर-का-डांडावरून स्नो व्ह्यू ह्या सुमारे २,२७० मीटर उंचीच्या स्थळाकडे जाणारी वाट चढणीची असली, तरी अवघड नाही. तीवरून जाणाऱ्याने हिमशिखरांइतकेच लक्ष वाटेला आडव्या येणाऱ्या दगडी नाल्यांकडेही द्यावे. कोरड्या ऋतूत हे नाले निरर्थक अडथळ्यासारखे भासतात. त्यांचे मर्म कळण्यास १८ सप्टेंबर १८८० ह्या दिवसाकडे वळले पाहिजे. सतत कोसळणाऱ्या पावसानंतर त्या दिवशी सकाळी ह्या उतारावरून एक लहान दरड सुटली. तिच्याखाली सापडलेल्यांना काढण्याचे काम चालू असतानाच दुपारी संपूर्ण उतार खाली आला. व्हिक्टोरिया हॉटेल आणि नैनादेवीचे जुने मंदिर गाडले गेले, आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. मल्लीतालचे जे विस्तीर्ण मैदान आज ‘फ्लॅट्स’ ह्या नावाने ओळखले जाते, त्याचा बराच भाग ह्याच राडारोड्याने वाढलेला आहे. तेथे खेळ चालतात, जत्रा भरते. आपण एका कोसळलेल्या टेकडीवर उभे आहोत, ही जाणीव फार थोड्यांना असते.

अशा उतारावर खरा शत्रू पाण्याचा वेग नसून पाण्याचा मुक्काम हा असतो. स्लेटच्या झिजलेल्या थरांत मुरलेले पाणी भेगांमध्ये दाब निर्माण करते, थरांमधील घर्षण कमी होते आणि उताराचा आधार सुटतो. म्हणून पावसाचे पाणी मुरण्यापूर्वीच तळ्यात नेऊन सोडावे, ह्या धोरणाने नाल्यांचे जाळे विस्तारण्यात आले. भूवैज्ञानिक टॉमस हॉलंड ह्यांनी १८९७ मध्ये येथील उतारांच्या स्थैर्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९८ च्या ऑगस्टमध्ये, तळ्याचे पाणी ज्यातून बाहेर पडते त्या बलिया नाल्याकडील बाजूस दरड कोसळून २८ जण दगावले. बलिया नाल्याचे काठ आजही ढासळत आहेत. तळ्याचा काठही निर्धास्त नाही : २०१८ च्या ऑगस्टमध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात खचला.

आयारपाट्यावरील टिफिन टॉप (सुमारे २,२९२ मीटर) ही कथा निराळ्या रीतीने सांगते. वाट बांज ओक व सुरई ह्यांच्या गर्द छायेतून जाते आणि अखेरपर्यंत दृश्य असे काहीच लाभत नाही. मग झाडी एकाएकी संपते व कडा येतो. येथे डोरोथी केलेट ह्या इंग्रज चित्रकर्तीच्या स्मरणार्थ तिच्या पतीने दगडी आसन बांधविले होते. अनेक दशके हे ‘डोरोथी सीट’ नैनितालच्या प्रत्येक सहलीचे ठरलेले विश्रांतिस्थान राहिले. खालच्या खडकातील भेगा रुंदावत चालल्याचे दिसतच होते. अखेर २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पावसाळ्यात, ते आसन खडकासह दरीत कोसळले.

ह्या घटनेस दुर्दैव म्हणण्याची प्रथा आहे. भूरूपशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती अपेक्षित घटना होती. वनाच्छादित उताराच्या मध्यभागातून दूरचे काही दिसत नाही. विस्तृत दृश्यास कडा लागतो, आणि कडा तेथेच संभवतो जेथे खडक उभ्या भेगांनी तुटून पुढचा भाग गळून पडलेला असतो. पुढचा भाग पडला की त्यामागची भेग आता मोकळ्या तोंडाशी येते, पावसाचे पाणी तिच्यात शिरते आणि पुढच्या पतनाची तयारी सुरू होते. म्हणजे दृश्य आणि पतन ह्यांचे कारण एकच आहे. पर्यटनाच्या नियोजनात आसने, कठडे व उपाहारगृहे नेमकी ह्याच रेषेवर उभारली जातात, ह्याला विवेक म्हणता येणार नाही. कड्यापासून काही अंतर आत सरकले तर दृश्य थोडे उणावेल इतकेच.

नैना शिखर, ज्याचे जुने नाव चायना पीक, सुमारे २,६११ मीटर उंच असून ह्या परिसरातील सर्वांत उंच स्थळ आहे. तेथून निरभ्र दिवशी नंदादेवीसह हिमरांगेचा मोठा पट्टा दिसतो. त्याच्या शहराकडील तोंडावरूनही खडक सुटत आलेले आहेत. तेथे वेगळे काही सांगण्यासारखे नाही.

त्यापेक्षा परतताना सूखाताल पाहणे अधिक उद्बोधक ठरते. मल्लीतालच्या वर असलेले हे खोलगट स्थान केवळ पावसाळ्यात भरते आणि उरलेले वर्ष नावाप्रमाणेच कोरडे असते. म्हणून ते पडीक समजले गेले. त्यात बांधकामाचा राडारोडा पडला, वस्तीही शिरली. परंतु पाण्यातील समस्थानिकांच्या अभ्यासावरून असे दिसून आले आहे की, येथे मुरलेले पाणी भूमिगत मार्गाने नैनितालच्या तळ्यास मिळते व उन्हाळ्यात त्याची पातळी राखण्यास मदत करते. शेर-का-डांडावर जे मुरणे घातक, तेच येथे आवश्यक, हा भेद केवळ खडक व उतार ह्यांमुळे पडतो. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसाच्या पायपिटीत पाहता येतात. त्यासाठी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सोयीचा : आकाश स्वच्छ झालेले असते आणि नाल्यांच्या भिंतींवर नुकत्याच सरलेल्या पावसाची ओल अद्याप दिसत असते.