समुद्रतीरीं कुटुंबाचें छायाचित्र

आमच्या हिंगोली जिल्ह्यास समुद्र नाहीं. कयाधू, पूर्णा, पैनगंगा ह्या नद्या आहेत; पण त्याही अखेर गोदावरीच्या द्वारें दूर पूर्वसमुद्रास मिळतात. म्हणूनच कीं काय, दिवाळींत किंवा नाताळांत कोंकणयात्रा ठरली म्हणजे सूर्यास्ताच्या वेळीं समुद्रतीरीं सगळ्या घराचें एक चित्र काढावें, अशी इच्छा लहानथोरांच्या मनांत उत्पन्न होते. इच्छा स्तुत्य आहे. चुलते, पुतणे, सासुरवाशिणी लेकी हीं सर्व माणसें वर्षांतून एकदां तरी एकत्र येतात कीं नाहीं, ह्याची शंकाच असते. अशा वेळीं स्थळाची निवड विचारपूर्वक व्हावी, म्हणून चार गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट दिशेची. समुद्र म्हटला कीं त्यांत सूर्य मावळणारच, हा समज बरोबर नव्हे. चेन्नईस तो समुद्रांतून उगवतो व जमिनीमागें मावळतो. कोंकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळें तेथें आपला हेतु साधतो. तथापि डिसेंबरांत सूर्य ठीक पश्चिमेस न मावळतां सुमारें पंचवीस अंश दक्षिणेकडे मावळतो. सबब समुद्राकडे तोंड करून उभें राहिल्यास डाव्या हातास डोंगराचें टोंक आडवें येत नाहींना, हें आधीं पाहावें. गुहागरसारखा लांब व मोकळा किनारा ह्या दृष्टीनें सोयीचा.

दुसरी गोष्ट भरतीओहोटीची. येथें आपलें पंचांग उपयोगीं पडतें. कोंकणांतील जुना आडाखा असा कीं, कोणत्याही पक्षांतील तिथीस तीनांनीं गुणून चारांनीं भागावें, म्हणजे पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीस चोवीस भागिले चार, म्हणजे सहा. अर्थात् ऐन सूर्यास्तास पाणी वर चढलेलें व वाळू थोडी उरलेली. पौर्णिमेस व अमावास्येस भरती मध्यान्हाच्या सुमारास व ओहोटी सायंकाळीं. तेव्हां पुळण विस्तीर्ण असते आणि ओल्या वाळूंत आकाशाचें प्रतिबिंब पडतें. पौर्णिमेस तर एकीकडे सूर्य मावळत असतांना पाठीमागें चंद्र उगवतो. हा आडाखा स्थूल आहे; नक्की वेळ भरतीच्या तक्त्यांत पाहावी व स्थानिक मंडळींस विचारावी. पावसाळ्यांत मात्र हा बेतच करूं नये.

तिसरी गोष्ट वेळेची. हिंगोलीहून रत्नागिरीचा किनारा सुमारें चार रेखांश पश्चिमेस आहे. एका अंशास चार मिनिटें ह्या हिशेबानें तेथें सूर्य घड्याळाप्रमाणें सुमारें पाव तास उशिरां मावळतो. क्षितिजास टेकल्यावर मात्र बिंब बुडण्यास दोन-सव्वादोन मिनिटेंच लागतात; तेवढ्यांत वीस माणसें ओळीनें बसत नाहींत. सायंसंध्येचा उत्तम काळ सूर्य दिसत असतांनाचा सांगितला आहे. चित्राचाही तोच समजावा. अस्तापूर्वीं अर्धा तास मंडळी बसवावी. सूर्य सर्वस्वीं पाठीमागें घेतल्यास चेहरे काळवंडतात. तो एका बाजूस ठेवावा, म्हणजे मुखावर कोंवळा प्रकाश येतो.

चौथी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. ओहोटीस पाणी दूर जातें; तेथवर मऊ वाळूंतून गुडघे दुखणाऱ्या आजींनीं कसें चालावें? मग 'तुम्ही गाडींतच बसा, आम्ही आत्तां येतों' असें म्हणून तरुण मंडळी पुढें धांवते. चित्र सुरेख निघतें. पण ज्यांच्यामुळें हें कुटुंब एक राहिलें, त्याच त्यांत नसतात. पुढील वर्षीं काढूं म्हणावें, तर पुढील वर्ष कोणाच्या हातीं आहे? परिचयाच्या घरांत असें घडलेलें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून जेथवर वृद्धांस सुखानें जातां येईल, तेथेंच खुर्ची मांडावी. पाय रुतूं नयेत म्हणून खालीं फळी घालावी आणि बाकीच्यांनीं त्यांच्याभोंवतीं जमावें. समुद्र मागें लांब दिसला तरी कांहीं बिघडत नाहीं.

आणि पांचशें किलोमीटरांहून अधिक प्रवास त्यांस झेपणारच नसेल, तर? तर समुद्राचा हट्ट सोडावा. औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णेवर सिद्धेश्वर धरणाचा जलाशय आहे. त्याच्या पूर्वेकडील कांठीं सुरक्षित व अनुमति असलेली जागा पाहून बसल्यास पश्चिमेचा सोनेरी प्रकाश पाण्यावरून येतो. पावसाळा चांगला झाला असल्यास आश्विन-कार्तिकांत पाणी भरपूर असतें. वैशाखांत तें ओसरून चिखल उघडा पडतो. मुलांस पाण्यांत उतरूं देऊं नये. पूर्वीं स्टुडिओंत रंगविलेल्या पडद्यापुढें बसून आपल्या वडिलांनीं चित्रें काढविलीं. तीं आपण आज जपतों, तीं पडद्यासाठीं नव्हे.

शेवटीं एक विनंति. जुन्या चित्रांच्या पाठीवर तिथि, स्थळ व डावीकडून उजवीकडे नांवें लिहीत. फोनमधील चित्रास पाठ नसते. म्हणून एक तरी प्रत कागदावर काढून तिच्यामागें हा मजकूर वडिलांच्याच हस्ताक्षरांत लिहवून घ्यावा.