पीठ : खेळायचं आणि खायचंही

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ ही वाणांची नावंच इथल्या संशोधन केंद्राची. अशा घरात मुलांनी पिठाशी खेळायला घेतलं की दादी ओरडतात, ‘रिज़्क है, खिलौना नहीं!’ बरोबरच आहे त्यांचं. पण पेन्सिल धरण्याआधी बोटांना मळणं, वळणं, चिमटणं यायला हवं, हे आम्ही शिक्षक वर्गात रोज पाहतो.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, किडे झालेलं गव्हाचं पीठ चाळून घ्या. २ वाट्या पिठाला १ वाटी बारीक मीठ, पाणी बेताने. गोळा पोळीच्या कणकेहून घट्ट हवा. तारा, होडी, सुरई, सुचेल ते करू द्या. अर्ध्या बोटाहून जाड नको. हिवाळ्याच्या उन्हात उलटून-पालटून ३-४ दिवस वाळवा. पावसाळ्यात मात्र मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कडक तारा लिबलिबीत होतो. हे पीठ चाखू देऊ नका, इतकं मीठ लहानग्यांना घातक. कोंबड्यांनाही टाकू नका.

पावसात तांदळाची उकड काढा. या पिठाला गव्हाचा चिवटपणा नाही. थंड पाण्यात मळलं तर भेगा पडतात, उकळत्या पाण्यात वाफवलं की छान वळतं. कोमट झाल्यावर, हात धुऊन, मुलांना द्या. हळदीने पिवळं, बिटाच्या रसाने गुलाबी. वेडेवाकडे चांद तव्यावर भाजून सालनाबरोबर खाता येतात. जाड आकार तव्यावर कच्चे राहतात, ते इडलीच्या भांड्यात वाफवा.