सिमेंट कंपनीचं वचन कसं वाचावं?



सिमेंटच्या जाहिरातीत हल्ली हिरवी पानं दिसतात. खाली लिहिलेलं असतं, 'पर्यावरणाशी बांधिलकी'. धुराडं असलेला कारखाना पर्यावरणाचा मित्र कसा, असं मुलांनी विचारलं तर काय सांगाल?

आधी सिमेंट कसं बनतं ते सांगा. चुनखडी आणि माती दळून भट्टीत सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातून क्लिंकर नावाचे खडे तयार होतात. ते जिप्समसोबत दळले की झालं सिमेंट. मेख इथेच आहे. चुनखडी भाजली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 1000 किलो शुद्ध चुनखडीतून 560 किलो चुना मिळतो, उरलेले 440 किलो हवेत जातात. म्हणजे कोळसा बंद करून सौरऊर्जा आणली, तरी हा वायू निघणारच.

मग कंपनी काय करू शकते?

पहिला उपाय, क्लिंकर कमी वापरणं. औष्णिक वीज केंद्रातली राख सिमेंटमध्ये मिसळता येते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वीज केंद्रही आहे आणि सिमेंटचे कारखानेही. अशा सिमेंटला पीपीसी म्हणतात. त्यात 15 ते 35 टक्के राख चालते. मात्र त्याला ताकद जरा सावकाश येते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं लागतं.

दुसरा उपाय, निघालेला वायू पकडणं. नॉर्वेतल्या ब्रेविक इथे हायडेलबर्ग मटेरियल्सच्या सिमेंट कारखान्यात 2025 साली असा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला 4 लाख टन, म्हणजे कारखान्याचा जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्रतळाखालच्या खडकात साठवायचा, अशी ही योजना आहे. पण हे काम खर्चिक आहे, तिथे सरकारनेही मोठा वाटा उचलला.

आता वचन तपासू या. वर्गात हे गणित द्या: एक कंपनी 10 लाख टन सिमेंट बनवते, टनामागे 700 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. पुढे टनामागे 560 किलोवर येते, पण उत्पादन 15 लाख टन होतं. प्रदूषण घटलं का?

आधी 7 लाख टन, नंतर 8.4 लाख टन! टनामागे 20 टक्के घट खरी, पण एकूण वायू वाढलाच. जाहिरातीत यातला कोणता आकडा छापला जाईल, हे मुलं लगेच ओळखतात.

म्हणून मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा: घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत? टनामागे की एकूण? आणि नेमकी कशी करणार? दालमिया सिमेंटने 2040 पर्यंत 'कार्बन निगेटिव्ह' होण्याचं, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन शोषण्याचं जाहीर केलंय. तिलाही हेच प्रश्न लागू होतात.

जवळपास कुठे बांधकाम चालू असेल तर सिमेंटची रिकामी गोणी मागून घ्या आणि तिच्यावरचा मजकूर वर्गात वाचा. विज्ञान, गणित आणि भाषा, तिन्ही तास एका गोणीत होतील.